सिद्राममामांचा बोथट सुरा

सिद्राममामा माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी बघतात. आधी बघतात पाय. दारात कुणी नवखा आला की 'या, बसा' म्हणायच्या आधी मामा खाली वाकतात. त्या बिचाऱ्याला वाटतं, एवढा वयस्कर माणूस आपल्या पाया पडतोय. तो 'अहो, राहू द्या, राहू द्या' करत मागे सरतो. तोवर मामांनी त्याच्या चपलेचा पट्टा दोन बोटांत धरून चिमटलेला असतो. मग ती बोटं नाकाशी जातात, डोळे मिटतात आणि निकाल लागतो.

"रेग्झीन!"

आमच्या कॉलनीच्या चेअरमनसाहेबांच्या मुलीचं लग्न होतं. अक्षता पडल्या, लोक स्टेजवर जाऊन नवरा-नवरीला आहेर देऊ लागले. मामाही गेले आणि वाकले. नवरदेव संकोचला, वरमाईला गहिवरून आलं. मामांनी बोटं हुंगली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "जावाय बरा हाय. बूट रेग्झीन हाय." नवरदेवाच्या वडिलांनी चिडून बुटाच्या तळाचा शिक्का दाखवला, अस्सल चामड्याचा. मामा म्हणाले, "शिक्का तळाला हाय. तळ रबरी हाय की." जेवायच्या पंगतीपर्यंत हा वाद चालला. चेअरमनसाहेबांनी मामांचं नाव त्या दिवशी मनात लिहून ठेवलं.

माणसांच्याही मामांनी दोनच जाती केल्यात. एक कातडं, दुसरी रेग्झीन. "कातड्याला सुरकुती पडती, रेग्झीनला चीर पडती," असं ते म्हणतात. दूधवाला कातडं, केबलवाला रेग्झीन, चेअरमनसाहेब अर्थातच रेग्झीन, तेसुद्धा हलक्यातलं. माझ्याबद्दल एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "तुमचं अजून कळंना."

यात रागावण्यासारखं काही नव्हतं, कारण त्यांच्याबद्दल मलाही काही कळत नव्हतं. आणि कळेपर्यंत स्वस्थ बसायचा माझा स्वभाव नाही. मी संशयी माणूस आहे. हा दोष नव्हे, ही माझी नोकरी होती. जकात नाक्यावर माझं उभं आयुष्य गेलं. पोतं दिसलं की 'आत काय आहे?' हे विचारल्याशिवाय मला घास उतरत नाही, आणि 'घरचंच सामान आहे, साहेब' हे उत्तर ऐकलं की माझे कान टवकारतात. घरचं सामान म्हणून काय काय गावात येऊ पाहतं हे मला विचारा. पुढे जकात बंद झाली, नाका पाडला, मी निवृत्त झालो. हात मात्र अजून पोती चाचपतात. बायको मंडईतून आली की मी पिशवी उघडून बघतो. ती म्हणते, "बघितलंत? फाडा आता पावती."

तर जुळे सोलापुरातल्या आमच्या शेजारच्या रिकाम्या बंगलीत एका सकाळी मामांचा टेम्पो आला. फ्रीज, कपाट असं काही तरी आधी उतरेल अशी माझी अपेक्षा होती. आधी उतरला बाभळीचा एक जाडजूड ओंडका, उभा चिरलेला. मग ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या लोखंडी पट्ट्या. मग झाकणाचं निळं पिंप. मग पोती. मी भिंतीपाशी जाऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, "पोत्यात काय?"

"साल."

"कसली?"

"बाभळीची."

आता बाभळीची साल आणि झाकणाचं पिंप ह्या दोन गोष्टी एका टेम्पोत दिसल्या, की नाक्यावरचा कुठलाही शिपाई तुम्हाला सांगेल: हातभट्टी. मी घरात येऊन हिला तसं सांगितलं. ही म्हणाली, "त्या माणसानं बायकोला हाताला धरून किती जपून उतरवलं, ते नाही दिसलं. पोतं तेवढं दिसलं." मी म्हटलं, बायको जकातपात्र नाही.

पण तेही नंतर खटकायला लागलं. कारण त्या दिवसानंतर मामी कुणाला दिसल्याच नाहीत. हळदीकुंकवाला नाहीत, भाजीच्या गाडीवर नाहीत. आमची ही दोनदा जाऊन आली. मामांनी दारातच गोड बोलून परत पाठवलं. "पडली हाय वाईच," म्हणाले.

मामा चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात फिटर होते. विकत घेतलेल्या वस्तूवर त्यांचा विश्वास नाही. "इकत आणलेलं हत्यार परक्याचं असतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चिमटा घरी केलेला, दाराची कडी घरी केलेली, पाठ खाजवायचं हत्यार घरी केलेलं. आमच्या फाटकाची कडी तुटली तेव्हा, नको नको म्हणत असताना, त्यांनी जुन्या यंत्रमागाचा कसला तरी दांडा बसवून दिला. तेव्हापासून फाटक लावलं की माग सुरू झाल्यासारखा खडाखड आवाज होतो आणि फाटक आपोआप पुन्हा उघडतं. "चालतंय की," मामा म्हणतात. त्यांचं म्हणणं खरं आहे. ते फाटक थांबतच नाही.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण परसात जे चाललं होतं ते हसण्यासारखं नव्हतं. रोज सकाळी कानशीचा आवाज. मामा ओट्यावर बसून ट्रकच्या पाट्याची पट्टी घासत. तिला मध्ये वाक दिलेला, दोन्ही टोकांना मुठी. मुठी कसल्या, तर मागावरच्या जुन्या लाकडी धोट्यांच्या. एवढा लांबलचक, दोन हातांनी धरायचा सुरा कशाला लागतो? भाजी चिरायला नक्कीच नाही. शिवाय एक लाकडी मोगरी, एक गुळगुळीत गोल दगड. आणि मामांच्या डाव्या तळव्यावर कायम चिंधी बांधलेली. जन्मभर लोखंडाशी खेळलेल्या फिटरचा तळवा रोज कसा कापतो? मी विचारलं तर म्हणाले, "कापतंय असंच." अशी उत्तरं देणाऱ्यांची मी गाडी खाली करून घेत असे.

मग वास सुरू झाला. आधी चुन्याचा, मग आंबूस, तुरट, ओल्या सालीचा, आणि त्याच्या खाली आणखी एक, ज्याचं नाव कॉलनीत कुणी घेईना. नाल्यात केस सापडले, पांढरे आणि काळे. मटणवाल्यानं मामांना पिशवीत गुंडाळून शेळीचं कातडं दिलेलं कुणीतरी बघितलं, आणि हातभट्टीचा माझा तर्क कोसळला. मामा घरात कातडं कमावत होते.

आमच्या कॉलनीत आडनाव विचारायची पद्धत नाही. आडून विचारायची आहे. तेव्हापासून लोक मामांना 'मूळ गाव कुठलं? वडील काय करायचे?' असं फार आपुलकीनं विचारू लागले. चेअरमनसाहेब मला म्हणाले, "मला वैयक्तिक काही नाही हो. पण लोक म्हणतात." मी लोकांना विचारलं. लोक म्हणाले, आम्हाला काही नाही, पण लोक म्हणतात. माझ्या संशयाला निदान तोंड होतं. ह्यांच्या संशयाला नुसतं नाक होतं.

माझा संशय वेगळ्याच गोष्टीवर अडला होता. एके दिवशी मी भिंतीलगत कढीपत्ता तोडत होतो. (कढीपत्ता मी बराच वेळ तोडतो.) मामांच्या घरातून बाईचा आवाज आला, असा कडक की माझ्या हातातली डहाळी पडली.

"अरं सिद्या! हात मोडलं का तुजं? डोळं हायती का बटनं? आबा बगतील तर तुजंच कातडं काडतील!"

आणि मामांचा बारीक आवाज, "चुकलं."

आता मला सांगा. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, माझी बायको मला 'अहो' म्हणते. फार रागावली तर जोरात 'अहो' म्हणते. मामींच्या पिढीतल्या खेड्यातल्या बायका तर दवाखान्यात नवऱ्याचं नाव विचारलं की शेजारणीकडं बघतात, आणि ते शेजारीण सांगते. अशी बाई नवऱ्याला 'सिद्या' म्हणेल? शक्य नाही. म्हणजे घरात दुसरीच कुणी बाई होती. मग मामी कुठं होत्या? आणि कातडं काढणारा हा आबा कोण? टोळीचा म्होरक्या? सुरे कुणासाठी घासले जात होते?

मी हे चेअरमनसाहेबांना सांगितलं. त्यांना कारणच हवं होतं. रविवारी सभा लावली. पिंप, पोती आणि ओंडका उचलायला सांगायचं, ऐकलं नाही तर महापालिकेला कळवायचं, असं ठरल्यातच जमा होतं. "त्याआधी तुम्ही एकदा आत जाऊन बघून या," ते मला म्हणाले. "तुम्हाला अनुभव आहे." अनुभवाची कदर करणारी माणसं कमी उरलीत, त्यामुळे मी हो म्हटलं.

शनिवारी दुपारी हिच्याकडून शेंगांच्या चटणीची वाटी भरून घेतली आणि निघालो. मामा परसात होते. त्यांनी वाकून माझी चप्पल चिमटली, हुंगली, "रेग्झीन," म्हणाले आणि कामाला लागले. भिंतीला तो चिरलेला ओंडका तिरपा टेकवला होता. त्याच्या गोलाईवर चुन्यात भिजलेलं कातडं पसरलेलं. मामांनी दोन्ही मुठी धरून सुरा वरून खाली ढकलला. दुधावरची साय सरकावी तसे केस सरकले.

"धार चांगली आहे," मी म्हटलं.

"धार न्हाय. ह्येला धार नसतीच," मामा म्हणाले. त्यांनी पातं आपल्या गालावर ओढून दाखवलं. मी डोळे मिटून घेतले, पण काही झालं नाही. "केस काडायचा सुरा बोथट लागतोय. धार आसली की कातड्याचं तोंड, वरचा पदर, कापतंय, भोक पडतंय. समदं वाया."

एवढं बोलून मामांनी कानस घेतली आणि त्याच सुऱ्याला धार लावायला बसले.

मी बघतच राहिलो. कर्र, कर्र, कर्र. चांगला बोथट सुरा बघता बघता चकाकायला लागला. "मामा, आत्ताच तर म्हणालात धार नको!"

"गप बसा की वाईच," मामा दाराकडं बघत कुजबुजले. मग डाव्या तळव्यावरची चिंधी त्यांनी घट्ट केली, सुरा उचलला आणि आत निघाले. मीही मागोमाग उंबऱ्यापर्यंत गेलो. कुणाच्या घरात असं शिरू नये, पण मला त्याची सवय आहे.

खाटेवर मामी बसल्या होत्या. स्वच्छ लुगडं, डोक्यावर पदर, केस नीट विंचरलेले. नजर समोरच्या भिंतीवर. दुसरी कुणी बाई घरात नव्हती. मी नमस्कार केला, त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मामा त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले, आणि सुऱ्याचं पातं आपल्या डाव्या तळव्यावर तोलून त्यांच्यापुढं धरलं. मामींचा हात आपसूक आला. अंगठा पात्यावर टेकला तसा मामांचा तळवा खालून वर, धारेच्या आड सरकला, मामींच्या बोटाला कापू नये म्हणून. तळवा रोज कसा कापतो ते मला कळलं.

अंगठा पुढे सरकला आणि थांबला. मामींची पाठ ताठ झाली. भिंतीवरची नजर खाली उतरली, सुऱ्यावर आणि तिथून मामांच्या तोंडावर.

"अरं सिद्या! ह्येला धार कुणी लावली?"

"मी."

"मी म्हनं! मागल्या बारीला बी ह्येच. केसाच्या सुऱ्याला कोन धार लावतंय का? कातडं फाडतूस का काय? माळशिरसात ह्येच शिकिवलं व्हय तुला?"

"चुकलं."

मामी थोडा वेळ बोलत राहिल्या. कातडं किती दिवस चुन्यात ठेवायचं, साल मोगरीनं किती बारीक कुटायची, पाणी कधी बदलायचं. मग एकदम आवाज खाली आला. त्यांनी दाराकडं पाहिलं, माझ्या आरपार. "आबांना सांगू नगंस. आन तो दगूड हिकडं. मी घासून देती गुपचूप." मामांनी तो गोल दगड दिला. मामींनी पात्याची धार दगडानं मारली, अंगठा फिरवून बघितला, सुरा परत दिला. "जा आता," म्हणाल्या. त्यानंतर नजर हळूहळू भिंतीवर गेली आणि तिथंच राहिली.

बाहेर येऊन मामा ओट्यावर बसले. चटणीची वाटी अजून माझ्याच हातात होती.

"करकंबला तिच्या बापाची, आबांची, कुंडं हुती, कातडी कमवायची," ते म्हणाले. "मी माळशिरसाकडनं कामाला गेलतो. बाप माजा ह्यो धंदा सोडून ऊसतोडीला गेल्याला, मला काय येत न्हवतं. पर कानस चालवायची लई घमेंड. पयल्याच दिशी केसाचा सुरा बगितला, म्हटलं काय बोथाट ह्ये, आन लावली की धार! शेळीचं कातडं फाटलं उभं. तवा ती अशीच वरडली बगा, 'अरं सिद्या!' आन बाप आला तर त्येला म्हन्ली, मीच फाडलं."

मामा हसले. मग म्हणाले, "फुडं लगीन झालं आन माजं नाव बंद झालं. समदं आयुष्य 'अवो'. रीतच हाय ती. मला बी काय वाटलं न्हाय. आता डोस्क्यातनं समदं पुसलंय तिच्या. मी भाकरी वाडली तर म्हन्ती, पावणं कुटलं? पोरगी येती पुण्यास्नं, तिला बी वळखत न्हाय. एकदा, जुन्या घरात, साल भिजत घातली हुती, म्हटलं पट्टा करावा एक. वास आला आन ती उठून बसली. म्हन्ली, पानी बदल. मी सुरा केला, चुकून धार ऱ्हायली, तर सायेब, नाव घेतलं की तिनं माजं."

"मग आता नीट सुरा करून दाखवा ना त्यांना. खूश होतील."

"करून बगितला. नीट आसला की गप बसती." मामांनी माझ्याकडं पाहिलं, तोंडाकडं, बहुधा पहिल्यांदाच. "बरोबर आसल्यावर नाव कशाला घ्यावं लागतंय?"

मी तसा रडणारा माणूस नव्हे, पण त्या ओट्यावर मी रडलो. मामा मला चटणी खा म्हणाले.

"उद्या सभा हाय म्हनं," ते म्हणाले. "तुमी काय सांगायचं ते सांगा. वास येतो, त्ये खरंच हाय. पर पिंप उचललं की ती कुटं जाईल, मला ठावं न्हाय. वास हाय तवर ती करकंबात तरी आसती."

रविवारी सभेला झाडून सगळे आले. चेअरमनसाहेबांनी वासाचा विषय काढला, लोकांनी रुमाल काढले. "आता प्रत्यक्ष पाहणी करून आलेले आपले सभासद सांगतील," ते म्हणाले. मामा मागच्या खुर्चीवर बसले होते, पुढच्या माणसाच्या सँडलकडं बघत.

मी उभा राहिलो. "वास येतो, हे खरं आहे," मी म्हणालो. "तो माझ्या परसातून येतो. माझं ड्रेनेज तुंबलंय. मामांच्या घरी मी सगळं तपासलं. घरचंच सामान आहे."

चेअरमनसाहेबांनी लगेच विचारलं, "आणि ते केस?"

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून आमची ही उठली. शनिवारी मी घरी येऊन तिला सगळं सांगितलं होतं. "रोज सांगते मी यांना," ती कडाडली, "की अहो, नाला साफ करा, नाला साफ करा! ऐकतील तर शपथ! आख्ख्या कॉलनीत तोंड दाखवायला जागा नाही ठेवली. केस काय, त्या नाल्यात उद्या हत्ती सापडेल!" तिनं इतकं मनापासून सुनावलं की मला स्वतःच्या ड्रेनेजची लाज वाटली. सभेनं मला ताकीद दिली. आता लोक आमच्या घरावरून जाताना नाक धरतात आणि मी आंघोळ करतो की नाही, असा संशय घेतात. संशय कुणावर तरी असावाच लागतो, तो माझ्यावर असला म्हणून बिघडलं नाही.

परवा मामांची साल संपली होती. ते मामींना सोडून लांब जाऊ शकत नाहीत. मी स्कूटरवर पोतं आणलं. कॉलनीच्या फाटकावर वॉचमननं अडवलं. "साहेब, पोत्यात काय?"

चांगला माणूस आहे, नाक्यावर शोभला असता. मी म्हटलं, "घरचंच सामान."

पोतं मामांच्या परसात उतरवून तोंड सोडलं. सालीचा तुरट वास परसभर झाला. मामा नेहमीसारखे वाकले आणि माझ्या चपलेचा पट्टा त्यांनी चिमटला. सुरा समोर भिंतीला टेकवलेला होता, कालचाच, व्यवस्थित बोथट. कानस मामांच्या हातात होती, पण अजून चालली नव्हती.

आतून हाक आली. "सिद्या!"

मामा वाकलेलेच राहिले. त्यांनी सुऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. हत्यार तर बाहेरच होतं.

"काय चुकलं माजं?" ते दबक्या आवाजात म्हणाले.

"काय न्हाय चुकलं," मामी आतून म्हणाल्या. "ये हितं. बस वाईच."

मामा उठले. कानस ओट्यावर ठेवायची त्यांना आठवणच राहिली नाही, तशीच हातात घेऊन ते आत गेले. मी पोत्याचं तोंड बांधलं आणि घरी आलो. कढीपत्ता हवा होता, पण त्या दिवशी मी भिंतीकडं गेलो नाही.